पोट भरलेलं, तरी अंगात ताकद नाही? कोल्हापुरी ताटातल्या या चुका टाळा

कोल्हापुरात माणसाला उपाशी कुणी ठेवत नाही. तरीही घरोघरी त्याच तक्रारी ऐकू येतात: वजन वाढतंय, पण जिना चढला की दम लागतो, रात्री पायांना मुंग्या येतात, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी. "एवढं खातोय, मग कमी कशाचं पडतंय?" हा प्रश्न अगदी रास्त आहे.

शरीराला अन्नाचे दोन हिशोब सांभाळावे लागतात. एक ऊर्जेचा, म्हणजे किती कॅलरी आत गेल्या आणि किती खर्च झाल्या. दुसरा प्रथिनं, लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांचा. पहिल्यात शिल्लक आणि दुसऱ्यात तूट, हे एकाच माणसात एकाच वेळी होऊ शकतं आणि आपल्याकडे ते सर्रास होतं. खालच्या बहुतेक चुका हे दोन हिशोब एकच समजल्यामुळे होतात.

व्यायाम सुटला, खुराक तसाच

शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या. त्याबरोबर दूध, तूप, बदाम, थंडाई असा खुराकही घरात आला. तासन् तास जोर-बैठका मारून मातीत लढणाऱ्या पैलवानाला तो लागतोच. पण तिशीनंतर तालीम सुटते, दुकान किंवा ऑफिसची खुर्ची येते, आणि पेला मात्र तेवढाच भरतो.

आकडे बघा. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, म्हणून 250 मिलीच्या पेल्यातून साधारण 250 ते 280 कॅलरी मिळतात. 65 किलोच्या माणसानं रंकाळ्यावर अर्धा तास बऱ्यापैकी वेगानं चाललं, तर खर्च होतात साधारण 110 ते 130. फिरून येताना मिसळ खाल्ली, तर तिच्या कटातल्या एका मोठ्या चमचाभर तेलातच जवळपास 120 कॅलरी असतात. फरसाण आणि ब्रेड अजून मोजलेच नाहीत. "रोज चालतो तरी वजन हलत नाही" याचं उत्तर बहुतेक वेळा इथंच सापडतं.

म्हणून दूध बंद करू नका, त्यातून प्रथिनं, कॅल्शियम आणि बी-12 मिळतं. साय काढा, साखर घालू नका, दोन पेल्यांचा एक करा. मिसळीत मोडाची उसळ ही खरी कमाईची गोष्ट आहे. ती जास्त मागा, वरची तर्री कमी घ्या, लिंबू पिळा.

गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षय होऊ शकतो. उकळल्यानं दुधाचं पोषण फारसं जात नाही. मुलांना आणि गरोदर बाईला तर कच्चं दूध देऊच नका.

रस्सा म्हणजे मटण नव्हे

पाहुण्यांच्या ताटात तांबडा-पांढरा वाटीवर वाटी येतो आणि जेवण "ताकदीचं" झालं असं वाटतं. पण प्रथिनं फोडीत असतात. तांबड्यात तेल आणि मीठ, पांढऱ्यात नारळाचं दूध आणि काजू-खसखस, म्हणजे मुख्यतः स्निग्धांश. चार वाट्या रस्सा आणि दोन फोडी खाल्ल्या, तर ऊर्जेचा हिशोब फुगतो आणि प्रथिनांचा तसाच राहतो. आपल्याला दर किलो वजनामागे सुमारे 0.8 ग्रॅम प्रथिनं रोज लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम मिळतात, एका वाटी घट्ट डाळीत सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सातेक. रविवारच्या मटणावर आठवडा निघत नाही.

रश्श्याच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर किलोभर वजन वाढलेलं दिसलं तर घाबरू नका, ते मिठानं धरून ठेवलेलं पाणी असतं. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी करा आणि कंबरही मोजा. पुरुषांची 90 सेंटीमीटरच्या वर आणि बायकांची 80 च्या वर असेल, तर वजन काहीही असो, लक्ष द्यायला हवं.

गुळाची सवलत

कोल्हापुरी गूळ चवीला उत्तमच, पण मधुमेहाच्या रुग्णाला "गूळ चालतो" म्हणून चहात घालून देणं चूक आहे. 100 ग्रॅम साखरेत 400 च्या जवळपास कॅलरी, तेवढ्याच गुळात 380 च्या आसपास. रक्तातली साखर दोन्हींनी चढते. गुळात थोडं लोह असतं, पण ते पुरेसं मिळेल इतका गूळ कुणीही खाऊ नये.

पालक खाल्ला, लोह कुठं गेलं?

इथं थोडं थांबून वाचा, कारण घरातल्या बायका आणि वयात येणाऱ्या मुली याच चुकीची किंमत मोजतात. भाजी-भाकरी आणि डाळीतलं लोह शरीरात कमी प्रमाणात शोषलं जातं. जेवणात लिंबू, आवळा, पेरू, कच्ची कोबी असं क जीवनसत्त्व असेल तर शोषण वाढतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर चांगलंच घटतं. आणि आपल्याकडे जेवण उरकलं की चहाचं आधण पडतं! चहा आणि जेवणात तासाभराचं अंतर ठेवा. डॉक्टरांनी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी दिली असेल, तर त्या एकत्र गिळू नका.

बी-12 चा प्रश्न वेगळा आहे. ते दूध, अंडी, मासे, मटण अशा प्राणिजन्य अन्नातच भरवशानं मिळतं. पालेभाजीत ते नसतं. शाकाहारी माणूस दूध-दही नियमित घेत नसेल, किंवा कुणी मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असेल, तर ते कमी पडू शकतं. अशा वेळी अंदाजानं फॉलिक ॲसिड असलेलं टॉनिक सुरू केलं, तर रक्त सुधारलेलं दिसतं, पण नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. पायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा वाढला असेल तर आधी बी-12 तपासून घ्या.

एवढ्या उन्हाच्या गावात ड जीवनसत्त्व कसं कमी पडतं, हाही नेहमीचा प्रश्न. त्वचेत ते तयार करणारे अतिनील-बी किरण कोवळ्या उन्हात फार कमी असतात. साधारण 11 ते 3 या वेळात भरपूर मिळतात. खिडकीच्या काचेतून ते आत येत नाहीत, आणि गाडीवर निघताना स्कार्फ, हातमोजे असतातच. पावसाळ्यात तर कित्येक दिवस सूर्यच दिसत नाही. शक्य त्या दिवशी 15-20 मिनिटं हात-पाय उघडे ठेवून ऊन घ्या, चटका बसेपर्यंत थांबू नका.

स्वयंपाकघरात

भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली की ब गटातली जीवनसत्त्वं आणि क पाण्याबरोबर जातात. तेच मेथी-पालक उकडून पिळल्यावरही होतं, ते पाणी आमटीत घाला. तांदूळ पाच-सहा वेळा चोळून धुऊ नका आणि पेज ओतून देऊ नका. पॉलिश केलेल्या तांदळात बी-1 मुळातच कमी उरलेलं असतं.

गोळ्यांचं काय?

ब गट आणि क पाण्यात विरघळतात, जादा झालं तर बरचसं लघवीवाटे जातं. तरी बी-6 चे मोठे डोस बरेच महिने घेतल्यास नसांना इजा होते. अ, ड, ई, के मात्र स्निग्धांशात विरघळतात आणि शरीरात साठतात. ड ची 60,000 युनिटची पुडी किंवा कॅप्सूल बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली किंवा शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर महिनोन् महिने चालू ठेवली, तर रक्तात कॅल्शियम चढतं. सतत तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, वारंवार लघवी सुरू झाली असेल तर पुडी थांबवा, लगेच डॉक्टरांना दाखवा आणि किती दिवस, किती घेतली ते नीट सांगा.