तुळशीची रोपे घरच्या बियाण्यापासून : मृगाच्या तोंडावर करावयाची कामे

विदर्भात पारा 45 अंशांच्या आसपास असताना टाकलेले तुळशीचे बी सहसा वाया जाते, कारण बी वरच्यावरच पडलेले असते आणि मातीचा तो थर दुपारपर्यंत कोरडा पडून नुकताच फुटलेला कोंब जागीच वाळतो. त्यामुळे नवतपा, म्हणजे मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपून हवेत ओल आल्यावर, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी करावी.

झाडावरच तपकिरी होऊन वाळलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळाव्यात आणि हलकी फुंकर मारून कोंडा उडवावा. खाली उरतात ते खसखशीएवढे तांबूस दाणे म्हणजे बी. बाजारात कधीकधी तुळशीचे बी म्हणून सब्जा दिला जातो. तो काळा व जाडसर असतो, पाण्यात टाकताच फुगून बुळबुळीत होतो आणि त्यापासून वृंदावनातली तुळस येत नाही.

वावरातील नुसती काळी माती ओली झाली की चिकटते आणि वाळली की भेगाळते. म्हणून दोन भाग मातीत एक भाग रेती व एक भाग चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत मिसळून कुंडी भरावी. बी कोरड्या रेतीत मिसळून फोकावे व वर खताचा अगदी पातळ थर भुरभुरावा, कारण खोल गाडलेले बी उगवत नाही. उगवण साधारण 8 ते 14 दिवसांत होते.

सर्वाधिक नुकसान पाण्याने होते. वृंदावनाला रोज तांब्याभर पाणी घालण्याची सवय असल्याने तोच हात कुंडीकडेही वळतो. त्या धारेने बी एका कोपऱ्यात वाहून जाते आणि उगवलेली रोपे बुडाशी कुजून आडवी होतात. पाणी हाताने शिंपडावे, तेही माती वरून सुकू लागल्यावरच, आणि मोठ्या सरीत कुंडी पडवीत घ्यावी.

पाच-सहा आठवड्यांनी, चार-पाच पानांच्या जोड्या आल्यावर, सायंकाळी रोपे मातीच्या गोळ्यासह हलवावीत. वाफ्यात 40 सेंटिमीटर अंतर पुरते. पाने आकसून मागे बारीक काळसर कीड दिसल्यास 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा, मात्र पऱ्हाटीवर (कपाशीवर) कीटकनाशक किंवा तणनाशक मारलेला पंप त्यासाठी कदापि वापरू नये, कारण ही पाने घरात काढ्यासाठी खुडली जातात. याच कारणाने कपाशीच्या धुऱ्यालगत (बांधालगत) रोपे लावणेही टाळावे.