फेनवे पार्कला पहिल्यांदा बेसबॉल बघायला जाताय? मग हे वाचा

बॉस्टनकडच्या आपल्या मंडळींकडून नेहमी ऐकू येतं की बेसबॉल बोअर होतं. मला वाटतं सीट नीट निवडली आणि नेमकं काय बघायचं ते आधी कळलं तर असं कुणी म्हणणार नाही.

आधी सीटचं बघू. फेनवे पार्क हे बॉस्टनच्या रेड सॉक्स टीमचं होम ग्राउंड, १९१२ सालचं, मेजर लीगमधलं (अमेरिकेतली सगळ्यात वरची बेसबॉल लीग) सगळ्यात जुनं स्टेडियम, त्यामुळे ग्रँडस्टँडमध्ये छप्पर पेलणारे खांब बरोब्बर डोळ्यांसमोर येतात, तिकीट काढताना 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' लिहिलंय का ते बघाच. राइट फील्डच्या (बॅटरच्या मागून बघताना उजवीकडचं मैदान) कोपऱ्यातले सुरुवातीच्या नंबरांचे सेक्शन पण शक्यतो नको, तिथल्या खुर्च्यांचं तोंडच भलतीकडे आहे, बॅटर दिसायला मॅचभर मान वळवून बसावं लागतं. बजेट कमी असेल तर सरळ ब्लीचर्स, म्हणजे बॅटरच्या समोर लांबच्या टोकाला असलेल्या बिनछपराच्या सीट घ्या, दुपारी ऊन लागतं पण तिथून ग्रीन मॉन्स्टर, म्हणजे लेफ्ट फील्डची ती ३७ फुटी हिरवी भिंत, मस्त दिसते, आणि तिच्यावरचा स्कोअरबोर्ड आजही माणसं हाताने बदलतात. सेक्शन ४२ मध्ये हिरव्या खुर्च्यांत एकच लाल खुर्ची आहे, १९४६ मध्ये रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने मारलेला ५०२ फुटी होमरन (आपल्या सिक्सरसारखा) तिथे पडला होता, लवकर पोचलात तर नक्की बघून या.

न्यूयॉर्कच्या यांकीज या कट्टर प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची तिकिटं महाग असतात, पहिल्यांदा जाताना एप्रिल-मे मधला वीकडे बघा, फक्त जाड जॅकेट न्या, एप्रिलच्या रात्री चांगलीच थंडी असते.

गाडी नेऊ नका, पार्किंग फार महाग पडतं. वेस्टबरो, अ‍ॅशलंड, फ्रॅमिंगहॅमकडून येणाऱ्यांना वूस्टर लाइनची ट्रेन थेट लॅन्सडाउन स्टेशनला सोडते, तिथून स्टेडियम चालत अगदी जवळ. शहरातून ग्रीन लाइन मेट्रोने केनमोर स्टेशन, पण त्या लाइनच्या फाट्यांपैकी बी, सी किंवा डी पकडा, ई तिथे जात नाही. मोठी बॅग घरीच ठेवा, आणि तिकीट फोनवर असतं म्हणून चार्जिंग फुल हवं. व्हेज खाणाऱ्यांना शेंगदाणे, प्रेट्झेल, फ्राइज असं मिळतं.

आता खेळ. क्रिकेटच्या सवयीने आपण प्रत्येक बॉलला शॉटची वाट बघतो, इथे खरी मजा पिचर (बॉल टाकणारा) आणि बॅटरच्या झुंजीत आहे. बॅटर चुकला किंवा नीट टप्प्यातला बॉल त्याने सोडला तर 'स्ट्राइक', टप्प्याबाहेरचा बॉल सोडला तर 'बॉल', आपल्या वाइडसारखा. तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट, चार 'बॉल' झाले की फुकटात पहिला बेस (रन पूर्ण करायच्या चार टप्प्यांतला पहिला), म्हणून बोर्डवर काउंट (आधी 'बॉल', मग स्ट्राइक) बघत राहा, ३-२ झालं की पुढच्या पिचला बहुतेक निकाल लागतोच (फाउल, म्हणजे मारलेला बॉल रेषेबाहेर गेला तर परत तेच), मॅच अटीतटीची असेल तर सगळं स्टेडियम उभं राहतं, तुम्हीही राहा! २०२३ पासून पिच क्लॉक (पिचरला ठरावीक सेकंदांत बॉल टाकायला लावणारं घड्याळ) आल्यामुळे मॅच साधारण अडीच-पावणेतीन तासांत संपते. फाउल बॉल स्टँडमध्ये आला आणि तुमच्या हाती लागला तर तो तुमचाच, परत द्यायचा नसतो, पण मुलं सोबत असतील तर दर पिचला नजर मैदानावर हवी, तो बॉल जोरात येतो. मॅच ९ इनिंगची, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही टीम एकेकदा बॅटिंग करतात; आठव्या इनिंगच्या मधे सगळे मिळून 'स्वीट कॅरोलाइन' हे गाणं म्हणतात, त्याआधी उठू नका प्लीज.

आणि हो, बेसबॉलमध्ये ड्रॉ नसतो, ९ इनिंगनंतर बरोबरी असेल तर खेळ पुढे चालूच राहतो, त्यामुळे परतीच्या शेवटच्या ट्रेनची वेळ निघतानाच बघून ठेवा.