जुनी भोकावाली डबी साखरेची का पावडरची, कसं ओळखाल

आमच्या आजीच्या संदुकीतून एक वीतभर उंच डबी निघाली, डोक्यावर भोकं, मले काही समजत नव्हतं तं चिंच लावून घासली न वरचा चांदीचा मुलामाच गेला, अजूनही जीव चुरचुरते. म्हणून भाऊ, ओळख पटेपर्यंत चिंच नाही, राख नाही, मऊ कपड्यानं पुसा फक्त.

आमच्या भागात असा माल निघतेच, कामठीची छावणी 1821 ची, साहेबलोकांच्या टेबलावरचं सामान फिरत फिरत भंगारात येते.

आता भोकं पाहा. साखरेच्या डबीची भोकं मोठी, बरेचदा नक्षीची जाळी. पावडरच्या डबीची बारीक, न टोपण फिरवलं का भोकं बंद होतात अशी सोय कितीकदा असते. टोपण काढून वास घ्या, जुन्या पावडरचा वास सांदीत राहते. आतून धातू खड्डे पडून खाल्लेला असंल तं मीठ भरलं असंल, मीठ चांदीले खाते. न एक गंमत, इंग्रजांचे तीन डब्यांचे सेट असत, साखर, मिरी न मोहरीची पूड, त्यात मोहरीच्या डबीवर कधीकधी जाळीची नक्षी असते पण भोक आरपार नसते, कारण मोहरी चमच्यानं घ्यायचे. तशी दिसली तं खराब म्हणून फेकू नका बाप्पा!

मग उलटी करून भिंगानं बुड पाहा, टोपणावरही पाहा. चालता सिंह म्हणजे इंग्लंडची 92.5 टक्के चांदी. सोबत नांगर असंल तं बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड तं लंडन, मुकुट तं शेफील्ड (1974 पर्यंतच). एक अक्षर असते त्यावरून साल निघते, पण त्या त्या शहराचा तक्ता पाहूनच. ईपीएनएस (EPNS, म्हणजे निकेलच्या मिश्रधातूवर विजेनं चढवलेली चांदी) लिहिलं असंल तं वरून मुलामा, विजेनं मुलामा द्यायचं पेटंट 1840 चं, म्हणजे त्याच्या आधीची असूच शकत नाही. जर्मन सिल्व्हर म्हटलं तं त्यात चांदी नसतेच, तांबं, जस्त न निकेल. कडा घासून तांबूस दिसत असंल तरी मुलामाच. शंका असंल तं खामगावकडं सोनार आहेत चांदीतले जाणते, पण कानस लावू देऊ नका, नक्षी जाते.

काचेची असंल तं नोटा तपासायचा निळा लाईट अंधारात मारा, हिरवी चमकली तं युरेनियमची काच, तिले जपून ठेवा न खायचं काही भरू नका तिच्यात.