घर सोडताय? आधी कूलर काढा

मे महिन्यात बदलीचा आदेश आला की सगळं लक्ष टेम्पो, पोरांचे दाखले आणि गॅसच्या कार्डाकडे जातं. घर काय, झाडून देऊ, असं प्रत्येकाला वाटतं. झाडणं होतंच. डिपॉझिट अडतं ते कूलरपाशी. माझं मागच्या घरी तिथेच कापलं गेलं, म्हणून यादी तिथूनच सुरू करते.

आपल्याकडे मे महिन्यात कूलर कोणी बंद करत नाही. तो शेवटच्या रात्रीपर्यंत चालतो, सकाळी घाईघाईत पाणी ओतून टेम्पोत चढतो आणि मग खिडकीबाहेरची भिंत उघडी पडते. वर पांढरे क्षार, खाली शेवाळ, मधे फुगलेले पोपडे. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी घालत असाल तर विचारूच नका. ही भिंत घराच्या मागे असते, आपण तिकडे वर्षभर फिरकत नाही. घरमालक मात्र किल्ली घ्यायला आले की आधी तिकडेच जातात.

म्हणून सामान हलवायच्या तीन दिवस आधी कूलर बंद. हो, पारा ४५ वर असला तरी. गच्चीवर बाजा टाका, दोन-तीन रात्री निघतात. भिंतीला वाळायला वेळ मिळाला नाही तर पुढचं सगळं फुकट.

भिंत वाळली की आधी कोरड्या ब्रशने क्षार खरवडून खाली पाडा आणि सुपलीत भरून लांब टाका. पाण्याने पुसायला जाऊ नका! क्षार पाण्यात विरघळतात, भिंतीत मुरतात आणि वाळल्यावर पुन्हा फुलून वर येतात. पोपडे काढा, पुट्टी भरा, ती वाळली की आहे त्याच रंगाचा हात मारा. ओल्या भिंतीवर डिस्टेंपर लावलात तर आठवड्यात सोलून येईल, आणि तोवर गावातल्या कोणाच्या तरी फोनवरून तुम्हाला ते ऐकायला मिळेलच.

आता टाकी. प्लास्टिकची असेल तर कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून अर्धा तास ठेवा, थर सुटतो. जस्ती पत्र्याची असेल तर इतका वेळ ठेवू नका, आंबट पाणी जस्त खातं. लावा, घासा, लगेच धुवा. टाकीच्या कडा घासायच्याच, नुसतं पाणी ओतून भागत नाही. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेशी अंडी चिकटवतो आणि ती कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. नव्या गावात पहिलं पाणी भरलं की तुमचेच डास तुमच्या घरात. कूलरच्या बाजूच्या ताट्यांचं गवत काढून फेकून द्या, नवं तिकडे मिळेल. आणि कूलर पूर्ण वाळवून मगच चढवा, नाहीतर खालच्या गाद्या भिजतात. हेही विचारू नका.

बाकीचं घर वरून खाली. जाळी, पंखे, माळा, मग भिंती, शेवटी फरशी. पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून ओढला की धूळ अभ्र्यातच राहते. भिंतीतले खिळे काढा, भोकं पुट्टीने बुजवा. शेगडीमागच्या टाइलचा तेलकट थर गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने निघतो, हातात मोजे घाला. गव्हाची कोठी हलवली की खाली सोंडे असतात, ते कोपऱ्यात ढकलून ठेवू नका.

फरशी शहाबादी किंवा कडप्प्याची असेल तर अ‍ॅसिडला हातही लावू नका. हा चुनखडीचा दगड. अ‍ॅसिड पडलं की फेस येतो, चकाकी जाते आणि तो डाग धुऊन-घासून निघत नाही. संडासात अ‍ॅसिड वापरणारच असाल तर त्याच दिवशी तिथे ब्लीचिंग पावडर टाकू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद संडासात तो जिवावर बेततो. कामवाल्या मावशींनाही हे आधी सांगा. त्या बिचाऱ्या चकचकीत व्हावं म्हणून दोन्ही ओततात.

मोरीची जाळी, नळांचे तोंड, खिडक्यांचे गज, दाराच्या वरची पट्टी: करा.

छतावरची टाकी तुमच्या वापरातली असेल तर तीही. अंगणातला कचरा जाळू नका, गाडीत द्या किंवा गावच्या ठरल्या जागी टाका. तुरीच्या, कपाशीच्या वाळक्या काड्या, म्हणजे तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या उरल्या असतील तर शेजारी चुलीला घेतात.

कूलरची भिंत पाहिली का? मागे जाऊन, उजेडात, स्वतः. आतून खिडकीतून डोकावलं तर खालचा भाग दिसत नाही. स्टँड काढल्यावर त्याच्या पायांचे गंजाचे चार ठिपके फरशीवर राहतात. लिंबू चोळाल तर शहाबादीवर तेही महागात पडेल, कोरड्या ब्रशने घासून जेवढं निघेल तेवढंच काढा.

सगळ्या खोल्यांचे आणि त्या मागच्या भिंतीचे फोटो, मीटरच्या आकड्याचा फोटो, उरलेलं बिल. घरमालकांना घरात फिरवा, मागेही न्या. डिपॉझिट हातात आलं की किल्ली, मग टेम्पो.