दिव्यांगांना काम देणाऱ्या संस्थेसाठी इमारत निधी: आधी मोठी देणगी, मग जाहीर आवाहन

इमारत, यंत्रे आणि गाडी यांसाठीचा पैसा व महिन्याचे पगार भागवण्याचा पैसा यांची खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. इमारतीसाठी दिलेली देणगी वीजबिलात गेल्याचे कळले, तर तो देणगीदार परत उंबरठा चढत नाही.

उद्दिष्ट ठरवताना ठेकेदाराचे कोटेशन हाच आकडा धरण्याची चूक सर्रास होते; दिव्यांगांसाठीच्या सोयी त्यात सुटतात. उदाहरणार्थ, जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर व्हीलचेअरसाठी १:१२ चा (एक मीटर चढायला बारा मीटर लांबीचा) रॅम्प ५.४ मीटर लांब होतो. वर-खाली दीड-दीड मीटरची सपाट जागा धरली, की ८.४ मीटर झाले. ही लांबी नकाशात आधी धरली नाही, तर रॅम्प आवारात मावत नाही आणि ऐन वेळी लिफ्टचा खर्च अंगावर येतो. कर्णबधिरांसाठी आगीच्या इशाऱ्याचे लुकलुकणारे दिवे, उंची बदलता येणारी कामाची टेबले, रुंद स्वच्छतागृह हे सगळे अंदाजपत्रकात हवे. नकाशा पक्का करण्यापूर्वी तो तिथे काम करणाऱ्यांनाच दाखवा. वास्तुविशारदाच्या नजरेतून सुटलेले त्यांना लगेच दिसते. बांधकामावर किमान १० टक्के आकस्मिक खर्च आणि निधी संकलनाचा स्वतःचा खर्च धरा. स्थलांतराच्या काळात उत्पादन घटते, नव्या जागेची देखभालही वाढते. म्हणून पहिल्या वर्षाची तूटही उद्दिष्टात घाला, पण देणगीदाराला ती उघडपणे सांगून.

आता कोणत्या रकमेच्या किती देणग्या लागतील याचे कोष्टक मांडा. एकूण उद्दिष्ट १०० धरले, तर २० ची एक देणगी, १० च्या दोन आणि ५ च्या चार, म्हणजे सात जणांकडून ६०. अडीचच्या आठ देणग्यांतून आणखी २०. उरलेले २० लहान देणग्यांतून. प्रत्येक मोठ्या देणगीमागे तीन-चार संभाव्य नावे लागतात, कारण नकार येतात आणि होकारही अनेकदा कमी रकमेचे असतात. वरच्या सातांसाठी एकवीस ते अठ्ठावीस खरी नावे लिहिता आली नाहीत, तर उद्दिष्ट कमी करा किंवा काम दोन टप्प्यांत विभागा.

आकडा जाहीर करण्याआधी वीस-तीस संभाव्य देणगीदारांशी योजनेबद्दल बोला, पण त्या भेटीत पैसे मागू नका. विचारायला बाहेरचा माणूस पाठवा; अध्यक्षांच्या तोंडावर ‘योजना जमत नाही’ असे कोणी म्हणत नाही. मग विश्वस्त मंडळापासून सुरुवात करा. रक्कम कितीही असो, पण प्रत्येक विश्वस्ताची देणगी हवी. ‘तुम्ही स्वतः किती दिलेत?’ हा प्रश्न हमखास येतो. ६० ते ७० टक्के जमेपर्यंत फलक, समारंभ काही नको. जाहीर आवाहन करून निधी २० टक्क्यांवरच अडला, की मोठे देणगीदार काढता पाय घेतात.

मोठ्या देणगीदाराला काम सुरू असतानाच बोलवा. कामगाराला आपली दुःखे सांगायला लावू नका. त्याने आपले काम दाखवावे, एवढे पुरे. सोबत एक पान द्या: जागेअभावी किती ऑर्डर सोडल्या, प्रतीक्षायादीत किती जण आहेत, नव्या जागेत किती नोकऱ्या वाढतील. फोटोसाठी लेखी संमती घ्या, पण कामगार मालकाला ‘नाही’ म्हणायला कचरतो हे लक्षात ठेवून ती पर्यवेक्षकाऐवजी त्रयस्थाने विचारावी.

बऱ्याच देणग्या तीन ते पाच वर्षांच्या हप्त्यांत येतात. ठेकेदाराचे बिल मात्र दरमहा. लेखी वचनपत्र घ्या, महिनावार जमा-खर्चाचा तक्ता करा, काही हप्ते बुडतील असे धरून चाला आणि हप्ते येईपर्यंत घ्याव्या लागणाऱ्या कर्जाचे व्याज उद्दिष्टातच मोजा.

वस्तुरूप देणगी घेताना विशेष सावध राहा. जुना प्रेस (पत्रा दाबून कापणारे किंवा आकार देणारे यंत्र) फुकट मिळतो, पण तो चालवायला बरेचदा दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबावी लागतात. एका हाताने काम करणाऱ्याला तो निरुपयोगी. एक बटण तारेने बांधून ठेवण्याची ‘युक्ती’ तर बोटे घेते, कारण दुसरे बटण हात यंत्राबाहेर राहावा यासाठीच असते. हात आत जाताच यंत्र थांबवणारा सेन्सर जाणकाराकडून बसवण्याचा खर्च देणगीदार सोबत देत असेल तरच यंत्र घ्या. नाहीतर आभार मानून परत पाठवा.