मॉरिशसला निघालात? या चुका टाळा

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान बेट, म्हणून ‘दोन दिवसांत सगळं उरकू’ असा हिशेब करून लोक निघतात. बहुतेकांची फजिती तिथूनच सुरू होते.

हे बेट ज्वालामुखीतून वर आलेलं. मधोमध पठार, भोवती उतार, कडेला प्रवाळाची रांग. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर कडक ऊन आणि त्याच वेळी पठारावर क्युरपीपला भुरभुर पाऊस, हे तिथे नेहमीचंच. किनाऱ्यावरची हवा बघून हाफ पँटवर पठारावरच्या गंगा तलावाला (हिंदूंचं पवित्र तळं) गेलात तर जुलै-ऑगस्टमध्ये कुडकुडाल. तेव्हा तिथे हिवाळा असतो. याच दिवसांत पूर्व किनाऱ्यावर वारा जोरात असतो. हॉटेल स्वस्तात मिळालं म्हणून तिकडे बुकिंग करण्याआधी हे लक्षात घ्या. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा हंगाम. इशारा १ ते ४ या वर्गांत दिला जातो. तिसरा लागला की ठरलेली सहल विसरा आणि हॉटेलातच थांबा.

लाव्हा बघायला कुणी इथे येत असेल तर बेट चुकलं. त्रू-ओ-सेर्फचं विवर झाडांनी भरलेलं, शांत आहे. धगधगता ज्वालामुखी शेजारच्या रियुनियनवर आहे. ते बेट फ्रान्सचं, त्यामुळे भारतीयांना मॉरिशसमध्ये व्हिसाची जी सवलत मिळते ती तिथे चालत नाही.

पोहण्याच्या बाबतीत मात्र चूक महागात पडते. दक्षिणेला ग्री-ग्रीजवळ प्रवाळाची भिंत तुटलेली आहे, लाटा थेट काळ्या कड्यावर आदळतात. फोटो काढा, पाण्यात उतरू नका. शांत, उथळ पाण्यातही तळाशी काटेरी समुद्री अर्चिन असतात, म्हणून रबरी तळाचे पाण्यातले बूट घाला. चपला वाहून जातात.

ल मोर्न डोंगरापाशी समुद्रातला ‘पाण्याखालचा धबधबा’ पाहायला म्हणून लोक किनाऱ्यावर उभे राहतात आणि हिरमुसून परततात. वाळू आणि गाळ खोल उतारावर सरकताना वरून तसा भास होतो. तो हेलिकॉप्टर किंवा सी-प्लेनमधूनच दिसतो. ल मोर्नचा डोंगर चढायचा असेल तर पहाटे निघा आणि वाटाड्या घ्या. उंची फक्त ५५६ मीटर, पण शेवटच्या टप्प्यात हातांनी धरून कातळ चढावा लागतो. पळून आलेले गुलाम याच कड्यांत आसरा घेत. २००८ मध्ये हा डोंगर जागतिक वारसा यादीत आला. निव्वळ सेल्फीपुरतं तिथे जाणं मला तरी खटकतं.

राजधानी पोर्ट लुईस रविवारी ठेवू नका. करारावरचे मजूर जिथे उतरत तो अप्रवासी घाट तेव्हा बंद असतो, आणि तो चुकवण्यासारखा नाही. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळपास पाच लाख मजूर करारावर मॉरिशसला आले, त्यांतले काही मुंबई बंदरातून चढलेली आपल्याकडची माणसं. त्यांचे वंशज गणेश चतुर्थीला मूर्ती वाजतगाजत विसर्जनाला नेतात. त्या सणाला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. पण आडनाव ओळखीचं वाटलं म्हणून लगेच फडाफडा मराठी सुरू करू नका. घरात बहुतेकांची भाषा क्रिओल (फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली), कळतं तेवढं मराठी पूजेपुरतं. आधी ‘बोंझूर’ म्हणा, मग गप्पा आपोआप गावाकडे वळतात.

महाशिवरात्रीच्या आठवड्यात गंगा तलावाला गाडीने जायचा बेत सोडून द्या. लाखो भाविक पांढऱ्या कपड्यांत कांवड घेऊन पायी निघतात, रस्ते तुंबतात.

आणि जेवणाला रोज हॉटेलचा बुफे, ही सगळ्यात कंटाळवाणी चूक. रस्त्यावर ढोल पुरी घ्या. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं पुरण, पण गोड नव्हे. दोन पातळ पोळ्या, आत घेवड्याची रस्साभाजी, टोमॅटोची रुगाय (मसालेदार रस्सा) आणि मिरचीचा ठेचा. मिरची कमी हवी तर गुंडाळण्याआधीच सांगा.