लहान मुलं असताना दोघांनीच बाहेर कसं पडायचं

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर दोघांच्या बेताची सुरुवात हॉटेल शोधण्यापासून करू नका. आधी मुलाची झोप बघा. बहुतेक बेत फसतात ते वेळ चुकल्यामुळे. ऑफिस सुटलं की निघायचं म्हणून लोक संध्याकाळी ६ ते ८ ही वेळ धरतात, आणि नेमकी हीच वेळ बहुतेक लहानग्यांच्या किरकिरीची असते. दिवसभराचा थकवा, भूक आणि झोप यांची तिथे गाठ पडते.

१. वेळ ठरवा

आठवडाभर तीनच गोष्टी टिपा: दुपारी कधी झोपतं, रात्री कधी झोपतं, कोणत्या वेळी चिकटून बसतं. त्यातून सहसा दोन जागा सापडतात.

पहिली, रात्री मूल झोपल्यावर. दुसरी जागा लोकांच्या फारशी लक्षात येत नाही: रविवारची दुपार. पुण्यात बालगंधर्व किंवा कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात रविवारी बऱ्याचदा साडेबाराचा प्रयोग असतो. मध्यंतर धरून नाटक साधारण अडीच तासांचं. कोथरूडातच राहत असाल तर १२ ला निघून साडेतीनपर्यंत घरी. तेवढ्या वेळात मुलाचा वरणभात होतो, १ ते ३ झोप होते, आणि सांभाळणाऱ्याला प्रत्यक्षात तास-दीड तासच दमावं लागतं. याउलट रात्री साडेनऊचा प्रयोग संपायला १२ वाजतात, झोपायला १, आणि पोरगं ६ ला उठून बसलेलं असतं. मूल अडीच-तीन वर्षांचं होईपर्यंत हा प्रयोग सोडून द्यावा.

अगदी पहिल्या वेळी दीड तास पुरे, आणि जागा घरापासून १५ मिनिटांच्या आत. जेवायलाच जायचं असेल तर गर्दीची वेळ टाळा. शनिवारी साडेआठला चांगल्या ठिकाणी वेटिंगमध्येच पाऊण तास जातो, मग ताटात काय आलं याकडे कुणाचंच लक्ष राहत नाही.

२. माणूस ठरवा

आजी-आजोबांना गृहीत धरू नका. ‘जरा बघाल का’ यात ना वेळ असते ना काम. आठवडाभर आधी विचारा: ‘येत्या रविवारी १२ ते साडेतीन, तिला भरवायचं आणि झोपवायचं, जमेल का?’ आजींचे गुडघे दुखत असतील तर आंघोळ आणि कपडे बदलणं तुम्हीच उरकून निघा.

घरी येणाऱ्या मावशी थांबणार असतील तर जादा तासांचे पैसे आधी ठरवा, आल्यावर अंदाजाने हातावर ठेवू नका. रात्री ९ नंतर त्यांना घरी सोडायची जबाबदारी तुमची. माणूस नवीन असेल तर आधी दोनदा, तासभर, तुम्ही घरात असताना बोलवा. दुसऱ्या वेळी २० मिनिटं खाली सोसायटीच्या बागेत जाऊन बसा. ती तालीम फार उपयोगी पडते.

नातेवाईक गावात नसतील तर त्याच वयाचं मूल असलेल्या शेजाऱ्यांशी पाळी लावा: या महिन्यात त्यांचं मूल तुमच्याकडे, पुढच्या महिन्यात तुमचं त्यांच्याकडे. पैशांचा प्रश्न नाही, मुलांनाही सोबत. मात्र पाळी कॅलेंडरवर लिहा, नाहीतर दोन महिन्यांत एकाच घराला पाळणाघराची कळा येते.

३. फ्रिजवर कागद लावा

तोंडी सूचना दारातून बाहेर पडेपर्यंतच टिकतात. अर्ध्या पानावर मोठ्या अक्षरात असं लिहा:

‘१२:१५ – वरणभात, वर अर्धा चमचा तूप. दोन-चार घास टाकले तरी चालेल, मागे लागू नका.
१ वाजता – झोप. निळी चादर लागते. पंखा ३ वर.
उठल्यावर – केळं. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं नकोत, घशात अडकतात.
टीव्ही – २० मिनिटं.
फोन: आई, बाबा, शेजारच्या काकू, डॉक्टर. अ‍ॅम्ब्युलन्स १०८.’

तान्हं बाळ असेल तर काढून ठेवलेलं आईचं दूध फ्रिजमध्ये ४ दिवस टिकतं. बाहेर २५ अंशांपर्यंत ४ तास चालतं, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात तो हिशोब लावू नका, फ्रिजमध्येच ठेवा. बाटली गरम पाण्याच्या वाटीत धरून कोमट करायची, मायक्रोवेव्हमध्ये नाही. दूध कुठे कोमट, कुठे कढत राहतं आणि तोंड भाजतं. पिऊन उरलेलं दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्यायचं. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, हे आजींनाही आधीच गोड शब्दांत सांगून ठेवा.

४. दारातून निघा

चोरपावलांनी सटकणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. त्या दिवशी रडणं वाचतं, पण पुढचे आठ दिवस तुम्ही बाथरूममध्ये गेलात तरी मूल दाराशी बसतं. आठव्या-नवव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत हे चिकटणं सर्वांत जास्त असतं. त्यात सांभाळणाऱ्याचा दोष नसतो.

अर्धा तास आधी सांगा: ‘आई-बाबा बाहेर जाणार, तू झोपून उठलीस की येणार.’ घड्याळातली वेळ तिला कळत नाही, झोप कळते. मग दारात एक काम तिच्याकडे द्या: दिव्याचं बटण दाबणं, कडेवरून कडी लावणं, खिडकीतून टाटा. निरोप अर्ध्या मिनिटात संपवा. रडू आलं म्हणून परत फिरलात तर रडल्यावर आई येते एवढंच तिला कळतं. मूल झोपल्यावर निघणार असाल तरीही झोपण्याआधी ‘जाग आली तर आजी आहे’ हे सांगायचंच.

५. बाहेर असताना

फोन व्हायब्रेटवर. मध्यंतरात एक मेसेज पुरे. तुम्ही व्हिडिओ कॉल लावलात की शांत खेळणारं मूल हमखास रडतं, आणि मग सावरायचं काम घरातल्या माणसाच्या गळ्यात.

मुलांविषयी बोलायचंच नाही असा नियम लोक करतात. तो दहा मिनिटंही टिकत नाही, करूच नका. गृहकर्जाचा हप्ता, शाळेची फी आणि सासर-माहेर हे तीन विषय टाळले तरी पुष्कळ.

सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी परत या. एकदा तासभर उशीर केलात तर पुढच्या वेळी आजींना नेमकं भजन असतं.

६. बेत मोडला तर

ऐन वेळी ताप येणारच, हे धरून चला. म्हणून सुरुवातीला महागडी आगाऊ बुकिंग नको. रद्द करतानाच पुढची तारीख ठरवा आणि सांभाळणाऱ्याला कळवा. ‘बघू नंतर’ म्हटलं की तीन महिने जातात. ताप साधा असेल, मूल खेळत असेल, तर त्याच रात्री ते झोपल्यावर घरातच बसा. बाहेरून मागवलेलं जेवण ९ ला येईल असं बघा, स्वयंपाकघरात हात घालू नका. आणि ऑर्डर देतानाच डिलिव्हरीवाल्याला सूचना लिहा: बेल वाजवू नका, फोन करा.